चौरस फुटाचा दर

ग्रामपंचायतीची उत्तरेकडची भिंत,
वीस बाय आठ.
तिच्यावर मी सत्तावीस वर्षं लिहितो आहे.
मजकूर माझा नाही,
वळण माझं आहे.
'क्ष'ची गाठ अख्ख्या तालुक्यात
तुझ्यासारखी कुणाला बसत नाही, सचिव म्हणतात,
आणि बिल पुढच्या मार्चवर ढकलतात.

लाल त्रिकोण माझ्या उस्तादाचा.
त्याच्यावर चुना मारला, तो माझा पहिला दिवस.
तीन हात दिले तरी गुलाबी उमटत राहिला.
राहू दे, उस्ताद म्हणाला, सरकारी रंग आहे.
त्याला स्वतःला सात लेकरं.

बायांनी मतदान लावलं त्या वर्षी
मी दोन बाटल्या काढल्या,
एक उभी, एक आडवी.
साहेब पट्टी घेऊन आले:
दोन्ही सारख्या पाहिजेत, निवडणूक आहे.
आडवी कठीण असते.
झोपलेल्या माणसासारखी दिसायला लागते.
पर्बताबाई लेनगुरे रोज तिच्यासमोर उभी राहून
सुनांना, जावांना शिकवायची,
"जे पडेल आहे, थेच आपली.
उभीले हात नोका लावू."
आडवी जिंकली.
मग नाल्याच्या पलीकडून मोहफुलाचा वास यायला लागला,
आणि पर्बताबाईचा धाकटा
दुधाच्या कॅनमधून काय नेतो
ते ती सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.
नाही, तिलाही ठाऊक होतं.
तरी सांगतो, त्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला
आमच्या टोलीत एकही डोकं फुटलं नाही.

बंदी उठली तेव्हा बोलावणं मलाच.
'परमिट रूम', पिवळ्यावर लाल, सावली देऊन.
दर दुप्पट, आणि रोख.

गुड मॉर्निंग पथक आलं त्या पहाटे
माझी माय टमरेल घेऊन तुरीच्या धुऱ्यावर होती.
शिट्टी. टॉर्च.
एका पोरीनं, मास्तरीण असावी, झोपमोड झालेली,
तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं.
माय म्हणाली, "कोन मेलं वो बाई?"
फोटो निघाला.
आमच्या संडासात तेव्हा तुराट्या भरलेल्या,
दुसरा हप्ता यायचा होता,
आणि दारावर माझ्याच अक्षरात
लाभार्थी क्रमांक ४१.
फूल तिनं देवाला वाहिलं नाही, फेकलंही नाही.
टमरेलातच ठेवलं, पाणी घालून, तीन दिवस.
पुढल्या आठवड्यात तुराट्या तिनंच बाहेर काढल्या.
लाजेनं की गुडघ्यांमुळे,
मी विचारलं नाही.

या महिन्यात खर्रा.
मजकुरासोबत चित्र आलं आहे:
उघडं तोंड, आत तीन बोटं उभी.
'तीन बोटे मावतात का? आजच तपासा.'
मी शिडीवर. डाव्या गालात
मंसारामच्या ठेल्यावर घोटलेला, सुपारी कमी.
ठेला याच भिंतीला टेकून आहे,
पथक आलं की ताडपत्री पडते,
गेलं की वर.

तोंड रंगवायचं तर आरसा लागतो.
मोटारसायकलचा आरसा शिडीला बांधला,
आ केला.
एक बोट गेलं.
दुसरं गेलं, थोडं आडवं करून.
तिसरं दाताशी थांबलं.
चित्रात मात्र तिन्ही मावली पाहिजेत.
साहेब पट्टी आणतील.

खाली, जिथं बकऱ्या अंग घासतात,
पोपडा निघाला आहे. आतली अक्षरं
एकमेकांत शिरली आहेत:
दोन थेंब मुलगी
सोडा घरी बांधा
असं काहीतरी. पोरं मोठ्यानं वाचतात, हसतात.

"बनवू का अजून एक?"
मंसाराम खालून विचारतो.
बोटं तोंडातच आहेत.
मी हो म्हणालो की नाही,
त्याला कळत नाही.
तो घोटायला लागतो.