पस्तीस मिलिमीटर

कंपनीने गृहीत धरलेला माणूस
ऐंशी किलोचा होता.
कोण, कुठला, काही माहीत नाही,
पण चार वर्षं मी त्याच्याच स्प्रिंगांवर बसत आले.
गोदोविचच्या वळणांवर डांबर उखडलेलं असलं
की पुढचं चाक थंडी वाजल्यासारखं कडकडायचं
आणि मनगटं रात्री झोपू द्यायची नाहीत.
मी चोपन्न. हेल्मेट, बूट, जॅकेट धरून साठ.

फेब्रुवारीत इद्रियाचे रस्ते मिठाने पांढरे होतात
तेव्हा तळघरात बाइक कडीला टांगली,
फोर्कच्या नळ्या काढल्या,
बगळ्याच्या पायांसारख्या उघड्या, थंड.
जुनं ऑइल काकडीच्या लोणच्याच्या बरणीत ओतलं.
नासक्या मासळीचा वास तीन दिवस
माझ्या केसांत राहिला.
दवाखान्यात एका आजोबांचा गुडघा वाकवताना
ते म्हणाले, डॉक्टरीणबाई, समुद्रावर गेला होतात का?

नव्या स्प्रिंगा मऊ. वायसर, सील, पुन्हा वायसर.
ऑइल काठापासून एकशे वीस खाली,
मग नळी हळू, फार हळू वरखाली.
घाई केली तर हवा आत राहते
आणि हवा खोटं बोलते.
मागचा शॉकअप त्रिएस्तच्या एका बेकरीवाल्याकडून,
डब्यात पिठाचे कण होते, ते मी फुंकून टाकले.
कंपनीच्या स्प्रिंगा कागदात गुंडाळून फळीवर.
टाकवल्या नाहीत.

इथवर एकटीचं काम.
पण बसल्यावर मागची बाजू किती दबते
हे एकटीला मोजता येत नाही.
एकाने बसायचं, दुसऱ्याने टेप धरायची.
इतकं साधं, आणि माझ्याकडे दुसरा नव्हता.

वरच्या मजल्यावर लोव्रो.
ऑक्टोबरात त्याने माझ्या दारावर चिठ्ठी लावली होती:
‘पहाटे सहा! माणसं झोपतात!’
तेव्हापासून जिन्यात आम्ही भिंतीकडे बघत असू.
दार त्यानेच उघडलं. मी सांगितलं.
तो आत वळला, आणि तोन्चकाच्या लेसच्या टोपलीतून
कापडी टेप घेऊन सपातांवर खाली आला.

भिंतीला कोपर टेकवून मी बसले.
त्याने वाकून वाचलं, चष्मा कपाळावर सारून वाचलं.
पाचशे एकोणऐंशी.
पुन्हा, म्हटलं. पाचशे पंच्याहत्तर.
मोजणारा मी का खोटा?
नाही, घर्षण खोटं. तीनदा मोजायचं असतं.
मी उतरले, दीड आटा सैल केला, पुन्हा बसले.
वरून लेसच्या लाकडी फिरक्यांची टकटक येत होती.

मग तो आपणहून बोलला.
पाऱ्याच्या खाणीत एकतीस वर्षं.
‘टेकू लाकडाचाच बरा.
मोडण्याआधी करकरतो, पळायला वेळ देतो.
लोखंड कुरकुर करत नाही,
एकदम जातं.’
तळवा सीटवर ठेवून त्याने दाबलं,
सोडलं, सावकाश वर येणारी सीट
हाताखाली ऐकली.
‘हे करकरत नाही,’ म्हणाला, ‘पण ऐकतं.’

सहाशे बारातून पाचशे सत्त्याहत्तर.
पस्तीस.
मी टॉर्च विझवणार, तोच त्याने सपाता काढल्या.
‘मी बसू?’
बसला. हँडल धरलं.
बाइक खोल गेली, आणखी खोल,
आणि लोव्रोचा चेहरा
पिंजरा खाली सुटल्यावर होत असेल तसा झाला.
टेप मी धरली. अठ्ठेचाळीस.
वजन किती तुमचं?
‘भरती झालो तेव्हा ऐंशी. निवृत्त झालो तेव्हा ऐंशी.’

फळीवरच्या कागदाकडे
मी बघितलं, काही बोलले नाही.

तो वर गेल्यावर दिसलं:
पुढच्या फोर्कवर मी बांधलेली प्लास्टिकची पट्टी
त्याच्या वजनाने सरकून
माझ्या खुणेच्या बरीच खाली थांबली होती.
बोटाने वर ढकलायची असते, दर मोजणीनंतर.
व्हॉइस्कोच्या घाटात एप्रिलमध्ये
पहिल्या करकचून मारलेल्या ब्रेकला
ती आपोआप आणखी खाली जाईल.

तोवर असू दे.