हवा राहिली

अंबडच्या कॉलेजात, प्रयोग क्रमांक सात :
मोरचुदाची सापेक्ष घनता काढणे.

मोरचूद मला घरचा. चुन्यात कालवून
दादा मोसंबीच्या बुंध्यांना फासायचे,
नखं आठवडाभर निळी.
म्हणून मी सरळ पाण्याचं चंचुपात्र उचललं.
"पानी में नको पोरी," सत्तारभाई म्हणाले,
"विरघळून जाईल. मग तोलशील काय, रंग?"
आणि रॉकेलचा डबा पुढं सरकवला.

जे पाण्यात टिकत नाही
ते रॉकेलात बुडवायचं,
रॉकेलाशी ताडून पाहायचं,
मग रॉकेल पाण्याच्या किती पट, त्यानं गुणायचं.
पाण्याशी सोयरीक जुळते शेवटी,
पण मध्यस्थामार्फत.

रिकामी बाटली अठरा पॉइंट बेचाळीस.
खडे घातल्यावर चोवीस पॉइंट बारा.
तराजूच्या काचेआड श्वास धरून
चिमट्यानं वजनं ठेवत होतो, तेवढ्यात
तिडक्यांची कौसल्या शिंकली
आणि दहा मिलिग्रॅमच्या पत्र्यासाठी
अख्खी बॅच फरशीवर रांगली.

उत्तर आलं दोन पॉइंट एकोणीस.
पुस्तकात अठ्ठावीस.
मागच्या वर्षीच्या सगळ्या जर्नलांत अठ्ठावीस,
एकाच वळणाच्या अक्षरात.
"खोड ना," कौसल्या म्हणाली, "एवढ्याशानं काय होतंय."

सत्तारभाईंनी बाटली खिडकीशी धरली.
तळाला, दोन खड्यांच्या बेचक्यात
तुरीच्या दाण्याएवढा बुडबुडा.
"हवा बी जागा धरती बेटी,
अन् वजन काही देत नाही."
बूच काढून टिचकी मारली. हलला नाही.
दुसरी. तिसरीला वर आला,
काचेला चिकटून जरा थांबला, आणि गेला.
त्याच्या जागी चार थेंब रॉकेल.
आठ सेंटिग्रॅम.

मी दोन्ही उत्तरं लिहिली, एकाखाली एक.
वरच्यापुढं सरांची लाल शाई : हवा राहिली.
खालच्यापुढं काहीच नाही.

सुट्टी झाल्यावर सत्तारभाई
खडे टीपकागदावर पसरत होते, सावलीत.
उन्हात का नाही, मी विचारलं.
"यांच्या अंगात पाणी असतंय.
तापलं की निघून जातंय,
मग निळे राहत नाहीत, पांढरी राख."

मी परत वाकून पाहिलं.
ज्याला पाणी दाखवायचं नाही
त्याच्या आतच पाणी, कणाकणात,
मोजून पाच वाटे,
आणि हात लावला तर कोरडं.

मंगळवारी दुसरी बॅच
तेच खडे तोलत होती.
माझ्या ओढणीच्या टोकाला
अजून रॉकेलचा वास.