जस्ताची बोटं

अंतकला मडावी बाकावर पाय वर घेऊन बसते,
मांडीवर तीन वर्षांची चैताली.
मी नळीत रक्ताचा थेंब सोडते. द्रावण गढूळतं.
मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा बुडतात.
अकरा वर्षं हेच पाहते आहे, कुरखेड्याच्या या खोलीत,
तरी दर वेळी नळी एकदा हलवते,
रेघा दिसतील म्हणून.

"सहा मयने तं बेस होती जी पोट्टी," ती म्हणते.
"मंग हातपाय सुजले."

सहा महिने बेस असतात सगळीच.
पोटातून आणलेलं रक्त पुरतं तोवर,
ज्याचा विळा होत नाही ते.
मग दुसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक,
नाव गाडीच्या नंबरासारखं, अक्षरं आणि आकडे,
एक प्रथिन घडवतं. प्रथिनाला बोटं असतात.
बोट म्हणजे एक घडी,
घडीत जस्ताचा एकच कण, चौघांनी धरलेला.
बोअरिंगवरच्या बादलीचं जस्त तेच,
धानाला खैरा पडला की पोत्यातून येतं तेही.
कण निसटला तर बोट उलगडतं,
दोरी सुटलेल्या तेंदूच्या पुड्यासारखं.

तू सत्तर पानं न बघता मोजतेस ना, बाई,
तशी ती बोटं अंधारात अक्षरं चाचपतात.
ओळखीची सहा लागली
की तिथंच दाबून बसतात,
आणि जन्माआधीची चूल विझते.
यात कुणाचं वैर नाही.
माझीही विझली, सिस्टरची, डॉक्टरांची.
आमची दुसरी चूल धड होती, एवढंच.

हे सगळं मी बोलले नाही.
म्हटलं, एक बोट आहे, ते चांगलं रक्त बंद करतं.

तिनं चैतालीची मूठ उघडली,
दहाही बोटं पाहिली, एकेक करून,
करंगळीजवळ थांबली.
"मंग थे बोट काढून टाका ना, म्याडम."

खूप शिकलेल्या माणसांना
हे सुचायला किती वर्षं लागली.
आता दूर कुठेतरी करतात तसंच:
मज्जा बाहेर काढायची, त्या जनुकाची कळ कापायची,
परत सोडायची, आणि विझलेली चूल पेटते.
किंमत वाचताना मी शून्यं मोजली होती,
मग पुन्हा मोजली.

"आपल्याकडे नाही होत अजून," मी म्हटलं,
आणि कॅप्सूल दिल्या.
यांनीही ती जुनी चूल थोडी फुंकली जाते,
थोडीच. पाणी भरपूर पाज. थंडीत जप.
ताप आला तर रात्रीसुद्धा ये.
तिनं पदराच्या गाठीत बांधून घेतलं सगळं,
ऐकलेलंही.

जाताना चैतालीनं माझं बोट धरलं
आणि सोडेना.
साडेचारची कोरची बस हॉर्न देत होती.

मग मी नळी धुवायला मागं गेले.
नळाखाली तीच जुनी बादली,
बुडाशी गंजलेली,
जिथून जस्त उडालं तेवढीच.