घराचा स्वभाव

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर प्रश्न आहे :
या कामामुळे घराचा स्वभाव बदलेल का?
इशबेल रँकिननं समोरच्या चौकोनात
आधी लिहिलं 'नाही', मग ते खोडलं,
मग बारीक अक्षरात :
घराला विचारून सांगते.

असं लिहायचं नसतं. कौन्सिलच्या कागदावर
विनोदाला रकाना नाही.
म्हणून मी आलो, टेप घेऊन,
ॲबरडीनच्या त्या करड्या दगडी गल्लीत,
मार्चमध्ये, वारा समुद्रावरून थेट कॉलरच्या आत.

"सांभाळा," ती म्हणाली, "पाचवी पायरी फसवी आहे."
एकूण अकरा. छताची उंची एक मीटर अठ्ठ्याण्णव.
मी एक मीटर नव्वद.
उरलेल्या आठ सेंटिमीटरमधून एक पाइप जातो.
भिंतीवर जुन्या कोळशाचा डाग,
कितीही चुना द्या, दमट दिवसात पुन्हा उमटतो म्हणे.
एक दिवा, एक हीटर,
आणि अठरा मच्छीमार बोटींचे हिशेब :
डिझेल, जाळी, बर्फ,
आणि एक नांगर, समुद्रात हरवलेला,
जो तिच्या वहीत अजून
दरवर्षी थोडा थोडा घसाऱ्यात झिजतो.

बंदराजवळचं ऑफिस बंद झालं तेव्हा
मालकानं तिला खुर्ची नेऊ दिली. एवढंच.
ती या जिन्यातून उतरेना
तेव्हा खुर्चीचे हात करवतीनं कापावे लागले.
कोपऱ्यात आहेत ते हात,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
टाकवत नाहीत, म्हणाली. मी नोंद केली नाही.

खिडकी फुटपाथच्या पातळीवर.
दिसतात ते फक्त पाय.
"हा पोस्टमन. ही शाळेला रोज उशीर करणारी.
हे गमबूट माझ्याकडेच वळणार बघा,
ओल्या पावत्या घेऊन."
आणि गमबूट वळले.
पायगुण, मी मनात म्हटलं, आणि लिहिलं :
येणारे-जाणारे, दिवसाला अंदाजे दोन.

हरकत एकच आली होती.
शेजारचे टॉर्क्विल बेअर्ड, शाईचं पेन, चार पानं.
गाड्या वाढतील. पाण्याचा निचरा. गल्लीची शांतता.
आणि अगदी शेवटी, ओळ सोडून :
तळघरात रात्री दोनपर्यंत दिवा असतो.

मी तिला वाचून दाखवलं.
ती बराच वेळ हीटरकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"दोन वाजता ते जागे असतात?"

हे कुठल्या रकान्यात बसवायचं
मला कळेना.

अटी सांगितल्या. पाटी लावू नये.
खिडकी आतून उघडावी, माणूस बाहेर पडेल एवढी.
खोली झोपण्यासाठी वापरू नये.
("झोप वरच्या मजल्यावरही येत नाही," ती म्हणाली.)
रात्री नऊनंतर दिवा नको,
हेही लिहिलं होतं मी. मग खोडलं,
तिनं 'नाही' खोडलं होतं तसंच, एका रेघेत.
वर लिहिलं : पडदा असावा.
जाड नसला तरी चालेल.

निकालाचा कागद मी घरी पुरा केला,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साडेअकराला,
मुलीचे रंग बाजूला सारून,
शिक्का साखरेच्या डब्याला टेकवून.
गेली सहा वर्षं असंच.
माझ्याकडे अजून कोणी टेप घेऊन आलेलं नाही.

जिन्यावर मोज्यातले दोन पाय येऊन थांबले,
त्यातला एक मोजा उलटा.
"झोप आता," मी म्हटलं,
नजर तेवढ्याच उंचीवर ठेवून.

मंजूर, असं लिहिलं. तारीख घातली.
मान वर केली तेव्हा
जिना रिकामा होता.