शून्याची नोंद

गंगापूर रोडच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
एप्रिलमध्ये पंखा बंद.
खिडक्यांच्या फटींत जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली,
कारण गोदावरीकडून येणारी एवढीशी झुळूकही
आकडा वेडावाकडा करते.
टेबलावर दोन ज्योती, अंगाला अंग लावून,
निळ्या, जेमतेम दिसणाऱ्या.

पुंजारामभाऊ विचारतात, मॅडम, सेल म्हंता, मंग यात पाणी कुठंय?
त्यांना ट्रॅक्टरची बॅटरी ठाऊक.
मी म्हणते, जाळ हेच पाणी.
यात मीठ सोडलं की तेही फुटतं, सुटं होतं,
विजेला पाय टेकायला जागा मिळते.
ते मान हलवतात,
पटल्यासारखी नव्हे, ऐकून घेतल्यासारखी.

तांब्याची तार तांबट लेनमधून आणलीय.
कातरून देताना म्हातारा म्हणाला होता,
जाळाचं मोजमाप आम्ही कानानं घेतो.
मी हसले होते.
पण तांब्याची पाळी अजून यायचीच आहे.
आधी दोन्हीकडे प्लॅटिनम, दोन्हीकडे तोच गॅस,
म्हणजे शून्य यायला हवं.

येतात अडतीस मिलिव्होल्ट.

सोमवारी अडतीस. मंगळवारी एकेचाळीस.
बर्नर बदलला, सिलिंडर बदलला,
अर्थिंगची वायर थेट अंगणातल्या लिंबापर्यंत नेली.
बुधवारी पुन्हा अडतीस,
जणू त्याला भाड्यानं खोली मिळालीय इथं.

गुरुवारी, साडेसात वाजता,
वाकलेली तार भाऊंनी बोटानं सरळ केली.
आणि ज्योत पिवळी झाली.
क्षणभरच. हळदीचं बोट लागावं तशी.
आकडा उडाला, सत्तरवर गेला, हळूहळू उतरला.

आम्ही दोघं त्या बोटाकडे बघत राहिलो.
घाम.
तीन दिवस आम्ही मोजत होतो
भाऊंचा घाम, माझा घाम,
दुपारच्या डब्यातलं लोणचं.

भाऊ म्हणाले, खाल्ल्या मिठाला जागली म्हणायची तार.

मग आम्लात धुतल्या, चिमट्यानं धरल्या,
लाल होईस्तो तापवल्या, पुन्हा धुतल्या.
श्वास रोखून मी वाचत गेले:
नऊ. चार. दोन. दोन. एक.
एकवर थांबलं. तासभर तिथंच.

वहीत शेऱ्याच्या रकान्यात भाऊंनी लिहिलं
त्यांच्या कोरीव अक्षरात,
वारा नाही, बोट नाही, तरी एक.
मी खोडरबर उचललं होतं.
ठेवून दिलं.