दारावरची चिंधी

पुण्याहून तन्मय सर आले ते हळदीसाठीच.
बसमतचा मोंढा, पोत्यांची थप्पी,
हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या.
म्हणाले, ताई, हाच रंग द्या, दोनशे कुडत्यांना.
लेबलवर गावाचं नाव घालू.

मी म्हटलं, हळद नवरदेवाला लागते,
भाजीला लागते, कापल्या बोटाला लागते.
कापडाला लागत नाही.
कापडावर ती पाहुण्यासारखी बसते
आणि ऊन चढलं की चप्पल शोधते.

ते हसले. मी हसले नाही.

मामंजी बोलायचे कमी.
गिऱ्हाइकानं हळदीचा रंग मागितला
की चिंधी रंगवून दारावर ठोकायचे,
अर्धीवर फळकूट, अर्धी उन्हाला उघडी.
"आवसेला ये," एवढंच.

तसंच केलं मी.
कापड सोड्यात उकळलं,
रात्रभर हिरड्याच्या पाण्यात,
मग तुरटी, मग हळद.
शहनाजबीनं पिळून झटकलं तेव्हा
रंगारगल्लीतल्या शेळ्या थांबल्या, असा पिवळा.
सरांनी फोटो काढले, ओल्या कापडाचे.
साबणाचं मी तेव्हाच सांगितलं:
साबण दिसला की हळद लाल होते,
नव्या नवरीला नाव घ्यायला सांगितल्यासारखी.

मधल्या दिवसांत डाळिंबाच्या साली उकळल्या.
रसवाला मुनीर पोतं आणून टाकतो,
पोत्यामागं वीस रुपये आणि एक चहा.
सालींचा पिवळा देखणा नाही.
मातकट, न घासलेल्या पितळेसारखा, जरा रुसलेला.
पण धाग्यात शिरला की म्हणतो,
आता मी इथलाच.

आणि पाणी.
हे सरांना सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.
टँकर तिसऱ्या दिवशी येतो.
एका कुडत्याला चार धुणी.
चौथ्याचं पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्याला,
पहिल्याचं शेवग्याला.
शेवगा सगळं पितो, काही बोलत नाही.
तरी रात्री मी बादल्या मोजते
आणि झोप लागेपर्यंत आकडा जुळत नाही.
धरतीला त्रास न देणारं कापड, असं ते म्हणतात.
मला तो शब्द बादलीपाशी नेऊन
एकदा तिच्यात वाकून बघायला लावायचाय.

आवसेला फळकूट काढलं.
झाकलेली अर्धी जशीच्या तशी, मोंढ्यातली हळद.
उघडी अर्धी धड पांढरीही नाही,
आजारातून उठलेल्या माणसाच्या नखासारखी.
सर फोनवर गप्प झाले. मग म्हणाले,
एवढं उन्हात उभं कोण राहतं, ताई?

दारासमोरून टेम्पो चालला होता.
हळद काढायला निघालेल्या बाया,
उभ्याच, दाटीवाटीनं, डोक्यावर पदर,
आणि दहा वाजायचे होते अजून.
मी फोन कानालाच धरून ठेवला.

मग खिळा दिसला.
सायकलच्या दुकानातून आणलेला जुना खिळा,
रात्रीच्या दवानं गंजलेला.
हिरडा प्यालेल्या सुतात त्याचं लोखंड उतरलं होतं,
आणि भोवती एक काळं वर्तुळ, आठ आण्याएवढं.
साबणानं घासलं. दगडावर आपटलं.
पुन्हा आठवडाभर ऊन दाखवलं.
हललं नाही.
कुणी मागितला नव्हता हा रंग,
कुणी फोटोही काढला नव्हता त्याचा.

चिंधी पाकिटात घालून पाठवली,
सोबत सालींच्या पिवळ्याचा एक तुकडा
आणि वहीच्या पानावर भाव:
दोनशेचा नाही, ऐंशीचा.
पाणी तेवढंच आहे, असंही लिहिलं या वेळी.

उत्तर अजून नाही.
शहनाजबी म्हणते, येतंय की, कुठं जातंय.
खिळा दारातच आहे.
त्याला मी सध्या हिरड्याची पिशवी अडकवते.
तीही, बघते तर, तळाशी काळी पडायला लागलीय.