सूचना असल्यास

अल खोर पालिकेच्या सभागृहात एसी इतका,
की फॉर्म भरताना बोटं आखडली.

प्रश्न दोन : तिवरांमध्ये कायाक किती सोडाव्यात?
ओहोटीला एकही नको, मी लिहिलं,
चिखलातून वर आलेली मुळं
तेव्हा श्वास घेतात,
वल्ही लागून मोडतात.

शेजारी परकार, मूळचा दाभोळचा,
अठ्ठावीस वर्षं इथे क्रेनवर.
त्याने एवढंच लिहिलं :
शुक्रवारी तरी कुर्ल्या धरू द्या.
मग इकडेतिकडे बघून
स्वतःच खोडलं.

प्रश्न नऊ : वीस वर्षांनी ही जागा
तुम्हाला कशी दिसायला हवी?

माझा इकामा मार्चमध्ये संपतो.
पेन तिथेच अडलं जरा वेळ.

मग लिहिलं, पार्किंग लांब ठेवा.
येणाऱ्याला चालत येऊ दे,
चपला हातात घेऊन.